शेळ्यांमागं दोन पायाचं एक

मुलगी दहावी पास झाली, त्या दिवसांतली गोष्ट. ती ओट्यावर बसून मोबाईलवर वाचत होती आणि मी शेळ्यांना पाला टाकत होते. मधेच म्हणाली, "मम्मी, लॅटिन म्हणून एक जुनी भाषा आहे. तिच्यात दोन पायांवर चालणाऱ्याला बिपेस म्हणतात. बि म्हणजे दोन, पेस म्हणजे पाय."

"मंग कोंबडी?"

"कोंबडी पण. तू पण."

"अन् तुझे पप्पा?"

"ते बी. अन् कोणाला हिणवायचं असलं तरी हाच शब्द वापरायचे ते लोक."

ती हसली. मीही हसले, पण हातातला पाला हातातच राहिला.

माझं माहेर वाटूरकडचं, मेंढरांचं घर. वडील संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभे राहून आधी चार पायाचे मोजायचे, मग दोन पायाचे. दोन पायाच्यांत कोंबड्या आणि आम्ही लेकरं एकत्रच. मी चौथी पास झाले तेव्हा ते म्हणाले, "मेंढरांमागं दोन पायाचं एक लागतंच." माझ्या हातात काठी आली. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

मुलीनं तो शब्द सांगितला त्याच संध्याकाळी तिच्या अकरावीचा विषय निघाला. तिला जालन्याला राहून शिकायचं होतं. नवरा म्हणाला, "शिकू दे की, मी कुठं न्हाई म्हणतो? पण शेळ्यांमागं कोण जाईन? मी मिलमध्ये, तू बियाण्याच्या कंपनीत. दोन पायाचं एक लागतंच."

माणूस वाईट नाही. त्यानंही हे लहानपणापासून ऐकलेलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मला कोणापुढं बोलता येत नाही. शेळ्यांकडे बघूनच म्हणाले, "मी हाये ना दोन पायाची."

"अन् कंपनी?"

"सोडते."

मुलगी जालन्याला गेली.

कंपनीत आम्ही बाया ओळीनं बसून बी निवडायचो. मी बोलायचे, हसायचे अशी तेवढीच एक जागा होती. आता सकाळी शेळ्या घेऊन सडकेला लागते तेव्हा कंपनीचा टेम्पो जवळून जातो. बाया ओरडतात, "ये की गं, जागा ठेवलीय तुझी! शेळ्या बी घे संगं!" मी नुसती काठी वर करते. टेम्पो वळणापार जाईपर्यंत पाय हलत नाहीत.

संध्याकाळी मीही मोजते. चार पायाचे बराबर भरतात. मग घराकडे बघते आणि पुढचं मोजत नाही.

आई आता नाही. माझ्या हातात काठी आली त्या दिवशी ती का बोलली नाही, याचा राग मी बरीच वर्षं धरला. माझ्याकडे सोडून द्यायला कंपनी तरी होती. तिच्याकडे काय होतं, हे तिला विचारायचं राहून गेलं.