थोरलीची मुदत

मामांची थोरली गेल्याची बातमी भाच्यानेच पसरवली, तीही परिवहन कचेरीतल्या सरकारी फोनवरून.

मामांचा फोन लागेना, म्हणून त्याने शेजारच्या बाईंना निरोप दिला, "मामांना सांगा, थोरलीची मुदत संपली. मी खूप खटपट केली, पण उपयोग झाला नाही. उद्या सकाळी न्यायची." एवढं बोलून तो पुढच्या फायलीकडे वळला. बाई तिथे नव्यानेच राहायला आलेल्या. थोरली म्हणजे मामांची डिझेलवरची जुनी मिनीबस; ती लग्नाआधी आली म्हणून थोरली, आणि मामी मागून आल्या म्हणून धाकटी. ही नावं घरापुरतीच; ती त्या बाईंना कोण सांगणार?

संध्याकाळी भाचा पोचला तर जिन्यातच माणसं कुजबुजत उभी. तळमजल्यावरचा शिंपी म्हणत होता, "दोन-दोन संसार चालवत होता, आणि आपल्याला पत्ता नाही! वर आपल्यालाच सांगतो, डिझेल परवडत नाही."

आत मामा खुर्चीत गोंधळून बसलेले. समोरचे निवृत्त मास्तर त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "फार सोसलं असेल हो बिचारीने."

"सोसलं म्हणजे? परवाच तिचा गिअरबॉक्स खाली उतरवला."

मास्तरांनी हात सोडला. स्वयंपाकघराच्या दारात मामींना हसू फुटलं. "अहो, माझी सवत गेली!" म्हणत त्या हसतच सुटल्या, आणि ते हसू कधी रडण्यात गेलं ते त्यांनाही कळलं नाही. माणसं एकेक करून घसा खाकरत निघून गेली. बातमी खोटी म्हणावी, तर तीही सोय नव्हती.

"थोडी मुदतही वाढवून देत नाहीत?" मामांनी विचारलं. त्यांची सगळी आशा या कचेरीतल्या भाच्यावर होती. गावाबाहेरच्या इस्पितळात नर्सबाईंना नेण्या-आणण्यावर त्यांचं घर चालत आलं होतं.

"नाही मामा. जुनं डिझेल सरसकट बंद. हवामान बिघडतंय, त्यात आपल्या धुराचाही वाटा आहे. इस्पितळाला विजेच्या बस मिळणार आहेत."

"मग त्या चालवायला घ्या म्हणावं मला."

"पन्नाशीच्या आतलेच घेतात."

मामा यावर काही बोलणार होते, पण त्यांना खोकल्याची उबळ आली. थोरलीचा धूर गिळून गिळून कमावलेला खोकला तो. थंडीत थोरली सुरू होतानाही अगदी असाच आवाज करायची. अंथरुणातून मामी विचारायच्या, "दोघांपैकी कोण उठलं?"

सकाळी मामांनी थोरली धुतली आणि भाच्याला शेजारी बसवलं. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या आवाराकडे जाताना शेजारून एक विजेची बस सुळकन निघून गेली. "आवाजच नाही रे," मामा म्हणाले, "स्टॉपवरच्या माणसाने वळून बघावं तरी कशाला?"

आवारातला कारकून कामाला पक्का होता. "गाडी जमा. चावी जमा. नंबरपाटी जमा." प्रत्येक शब्दाला एक शिक्का.

मामांच्या बगलेत ड्रायव्हरच्या सीटवरची उशी होती, मामींनी शिवलेली. "ही पण जमा?"

"ती राहू द्या तुम्हाला."

मागे कुठलंतरी यंत्र लोखंड चेपत होतं. मामांनी तिकडे पाहिलं नाही. उशी छातीशी धरून ते फाटकाबाहेर आले आणि सवयीने खिशात चावी चाचपली. हात तसाच खिशात राहिला.

भाच्याला राहवेना. काहीतरी बरं बोलावं म्हणून तो म्हणाला, "मामा, नियम वाईट नाही हो. धूर कमी होईल. पोराबाळांच्या छातीत चांगली हवा जाईल."

मामांनी मान डोलावली. त्यांना ते पटलंही असावं. पण तेवढ्यात उबळ आली. कुंपणाला टेकून ते बराच वेळ खोकत राहिले. मग तोंड पुसून त्यांनी भाच्याकडे पाहिलं.

"आणि हा खोकला कुठे जमा करायचा?"