नवाची शेपटी

भूत नसतं, हे माझ्या आतोबांइतकं ठणकावून सांगणारा माणूस उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत झाला नाही, आणि त्यांच्या दुकानाइतकं भुताटकीचं दुकानही झालं नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. जगातल्या यच्चयावत गूढ गोष्टींवर त्यांच्याकडे एकच उत्तर असायचं: लूज कॉन्टॅक्ट. एकदा आमच्या शिरगावच्या घरात भर दुपारी फळीवरचा बंद रेडिओ आपोआप बोलायला लागला. आई भिंतीला चिकटली. आतोबा जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "लूज कॉन्टॅक्ट." आईने वायर दाखवली, ती भिंतीत खोचलेलीच नव्हती. "मग आत सेल असतील." मी रेडिओ उलटा करून दाखवला. सेलही नव्हते. "म्हणजे आतल्या आत लूज कॉन्टॅक्ट," असं म्हणून त्यांनी दुसरी भाकरी मागितली. रेडिओ गप्प झाला. आईने तो दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला फुकट देऊन टाकला.

आनंदनगरच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासणी खात्यात काढली होती. हातात व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची ती सरकती पट्टी, घ्यायचा, माल मोजायचा, पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. नोकरी सोडली तरी व्हर्नियर काही सुटला नाही. तो शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खोचून ठेवलेला असायचा, आणि केव्हा बाहेर येईल याचा नेम नसे. आत्याच्या भाकरीची जाडी त्यांनी चार ठिकाणी मोजलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. मला बघायला आलेल्या एका मुलाने चहाचा कप बशीत आपटला, तर हे सगळ्यांदेखत "रिजेक्ट!" म्हणून ओरडले. बाबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आता सांगायला हरकत नाही, मला तो मुलगा मुळीच आवडला नव्हता, त्यामुळे माझं आतोबांशी सूत तेव्हापासून जुळलं ते कायमचं.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये टीव्हीवर खेळायच्या गेमचं दुकान टाकलं. का टाकलं, हे विचारू नका. स्वतः त्यांना खेळता यायचं नाही ते नाहीच. खेळायची ती आत्या. सकाळी बालवाडीत पोरांना शिकवून झालं की ती दुकानात यायची, पदर खोचायची, स्टुलावर मांडी घालून बसायची आणि रिमोट हातात घ्यायची. शेजारच्या स्टुलावर आतोबा. पडद्यावर दोघांच्या गाड्या पळायच्या. "अहो, डावीकडे! डावीकडे वळा! मेलात ना! आता बसा, माझं होईपर्यंत जिवंत होऊ नका." बाहेर रस्त्यावरची माणसं गेम बघायला थांबत की या दोघांना, देव जाणे. अर्थात देव हा शब्द आतोबांसमोर काढायची सोय नव्हती.

दुकानातली दुसरी सत्ताही आत्याचीच. मालाच्या भावाची कार्डं ती लिहायची. पांढऱ्या जाड कागदावर लाल पोस्टर कलर आणि बारीक कुंचला, आकडे मराठीत. तिच्या नवाची शेपटी तर काय वर्णावी! खाली उतरून अशी वळायची की मांजर पाय पोटाशी घेऊन बसलंय असं वाटावं. आणि कार्ड एकदा लागलं की लागलं. आतोबांचा हात फार सैल. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं की हे शंभर उतरवणार, उसासा सोडला की दोनशे. आत्या मात्र खमकी. "भाव म्हणजे दिलेला शब्द आहे," म्हणायची. "आज उतरलात तर उद्या कोण विश्वास ठेवील?"

मग आतोबांनी आयुष्यातला एकमेव मोठा धंदा केला. परदेशी कंपनीच्या अस्सल मशीनचे बारा डबे उचलले. आमच्या बाजारात अस्सल वस्तू आणणं म्हणजे माशाच्या बाजारात गुलाबपाणी विकणं. चारी बाजूंच्या दुकानांत त्याच रंगाची, त्याच आकाराची डुप्लिकेट मशीनं हजार-बाराशेला मिळत होती. आत्याने कार्ड लिहिलं: ९,९९०. तीन मांजरं ओळीने बसली. एक डबा त्यांनी फोडून दुकानात चालू करून ठेवला, अकरा मागे फळीवर. सहा महिन्यांत फळीवरचा एकही हलला नाही.

त्याच सुमारास आत्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि पुढचं सगळं भराभर झालं. शेवटच्या आठवड्यात तिने मला एकटीला जवळ बोलावून उशीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत तीन कार्डं, तिन्हींवर ९,९९०. हात थरथरत असताना लिहिलेली, पण नवाची शेपटी तशीच डौलदार. "मी गेले की हे भाव पाडणार," ती म्हणाली. "पाडला की गुपचूप हे लावायचं. ह्यांना कळू द्यायचं नाही. दुकान बुडालं तर हे मोजायला काय घेतील गं?" मी रडत रडत हो म्हटलं. पिशवी घरी नेऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

आत्या गेली. घरी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं जेवून गेली. आतोबा कोरड्या डोळ्यांनी म्हणाले, "गेली म्हणजे गेली. आत्मा-बित्मा काही नसतो." आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडून त्यांनी दोन्ही स्टुलं मांडली. आत्याच्या स्टुलावर कोणी टेकायला गेलं की लगेच, "तिथे नको, ते हलतं." एकदा ते नळावर गेले असताना मी स्टूल चारी बाजूंनी दाबून पाहिलं. हलत नव्हतं. कारखान्यातल्या जमिनीसारखं घट्ट होतं.

दुपारी दोन ते चार त्या बाजाराला डुलकी लागते. उन्हामुळे सगळ्यांची अर्धी शटरं खाली. अशा वेळी मी त्या दुकानात गेले की जीव थोडा थोडा व्हायचा. आत निळसर अंधार, मशीनची बारीक घरघर, आणि दोन्ही रिमोट स्टुलांवर पडलेले असताना पडद्यावर गाडी आपली आपण पळत असायची. आतोबा समजावायचे, "अगं, अडीच मिनिटं कोणी हात लावला नाही की मशीन स्वतःच खेळून दाखवतं. तसा प्रोग्रॅमच आहे." असेल बाई. मी काही शिकलेली नाही त्यातलं. पण रस्त्याला फाटा आला की ती गाडी दर वेळी डावीकडेच वळायची. मी एकदा तसं बोलले. आतोबा पडद्याकडे बघतच म्हणाले, "लूज कॉन्टॅक्ट."

माझी आतेबहीण पुण्यात असते. तिने फर्मान काढलं, "पप्पा, दिवाळीपर्यंत माल गेला तर ठीक. नाहीतर दुकान सोडायचं आणि माझ्याकडे यायचं." तिचंही बरोबर होतं, एकट्या बापाची काळजी वाटणारच. पण आतोबांचा चेहरा उतरला. "पुण्यात मी काय करू? लिफ्ट मोजू?" मला म्हणाले. त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या स्टुलाकडे जात होती. हे दुकान सुटलं तर ते स्टूल कुठे मांडायचं, हा खरा प्रश्न होता. तो त्यांनी विचारला नाही, पण मला कळला.

शेजारी फर्निचरवाले सिंधी शेठ होते. मनाने फार चांगले, रोज यांना आपल्या डब्यातलं पापड-लोणचं द्यायचे. ते म्हणाले, "साईं, रेट गिराओ. गिराओगे तो माल दौडेगा." सगळ्यांनीच तो धोशा लावला. शेवटी आतोबांनी आत्याचं कार्ड काढलं, ते घरी तिच्या कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवून कपाटाला कुलूप लावलं, आणि कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात ७,९९० लिहून लावलं.

माल दौडला का? छे! पळाली ती गिऱ्हाइकं. इतके दिवस जी माणसं मशीनकडे लांबून आदराने बघत होती, ती आता आत येऊन डबा हुंगायला लागली. "काका, ओरिजिनल आहे तर उतरला कसा?" "आतला माल बदली किया क्या?" एका बाईंनी तर सील नखाने खरवडलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला हो, हे पण इथलंच, डुप्लिकेट." आतोबा बिल दाखवायचे, शिक्का दाखवायचे, सील व्हर्नियरने मोजून दाखवायचे. काही उपयोग नाही. ज्या बाजारात स्वस्त म्हणजे डुप्लिकेट हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तिथे त्यांनी आपल्या हाताने अस्सल मालाला डुप्लिकेट करून टाकलं होतं.

मी कामाला आहे तो कारखाना शनिवारी अर्धा दिवस असतो. तिथून शेअर रिक्षाने कॅम्प पाचला गेले, आतोबा जेवणाचा डबा धुवायला नळावर गेले तेवढ्यात पर्समधून आत्याचं पहिलं कार्ड काढून लावलं आणि त्यांचं कार्ड फाडून टाकलं. आतोबा आले, पुसत पुसत डबा ठेवला, आणि वर पाहिलं. "लूज कॉन्टॅक्ट," म्हणाले. "कार्डाला कसला आलाय लूज कॉन्टॅक्ट?" माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी पुसलेला डबा पुन्हा पुसायला घेतला. आणि गंमत बघा, तासाभरात आदल्या दिवशी परत गेलेला एक माणूस धावत आला. "अरे, भाव परत चढला? म्हणजे खरा माल आहे!" एक डबा त्याने नेला, एक त्याच्या मेव्हण्याने. आतोबांनी संध्याकाळी ते कार्ड उतरवून खिशात व्हर्नियरमागे ठेवलं, सकाळी परत लावलं. मग रोजचाच तो नेम झाला.

पुढे महिनाभर पुन्हा सामसूम. पुण्याहून फोन आला, शेठने पुन्हा डोकं खाल्लं, आणि आतोबांनी ६,९९० लावलं. मी त्या वेळी तापाने फणफणले होते. तीन आठवड्यांनी उठले, आत्याचं दुसरं कार्ड पर्समध्ये घातलं आणि दुपारी दुकानात पोचले. बघते तर कार्ड लागलेलं! ९,९९०. तीन मांजरं. मला वाटलं, आतोबांनाच सुबुद्धी झाली, खिशातलं पहिलं कार्ड लावलं असेल. तेवढ्यात त्यांनी खिशात हात घातला आणि पहिलं कार्ड बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. दुसरं माझ्या पर्समध्ये. तिसरं घरी बिस्किटांच्या डब्यात. मी तशीच घरी जाऊन पाहून आले, डबा उघडून, हातात घेऊन. तिथेच होतं. तिचं जुनं मूळ कार्ड साड्यांखाली कुलपात, ते आम्ही दोघांनी रात्र पडायच्या आत जाऊन पाहिलं. तेही तिथेच होतं.

दुकानात परतल्यावर आतोबांनी व्हर्नियर काढला. खिशातल्या कार्डावरच्या नवाची शेपटी मोजली, मग लागलेल्या कार्डावरची. तीनही नऊ. "पास," असं पुटपुटले. व्हर्नियर ठेवताना त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा लाल झाला होता. रंग ओला होता.

दिवाळीपर्यंत फळीवरचे सगळे डबे गेले, एकेक करून, पुऱ्या भावाने. पुण्याची मुलगी बापाला न्यायला बॅग घेऊन आली होती, ती माझ्या आईच्या चकल्या घेऊन परत गेली. भाव उतरवून धंदा वाचतो का, असं शेठ अजूनही कुणाला विचारू देत नाहीत. हात जोडतात आणि विषय बदलतात.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी दुकानात उभी होते. आतोबांनी दोन कटिंग चहा मागवले. व्हर्नियरची उघडझाप करत बसले आणि म्हणाले, "पोरी, एक विचारतो. खरं सांग. कार्डं तूच लावलीस ना?" हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. त्यांचं आयुष्यभराचं बोलणंही राहिलं असतं. पण माझ्या तोंडात खोटं टिकत नाही, आणि त्या डोळ्यांसमोर तर मुळीच नाही. "पहिलं मी लावलं, आतोबा," मी म्हटलं. "आत्याने दिलं होतं. दुसरं नाही."

मी वाट बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दोन शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. पडद्यावर गाडी चालली होती, फाट्याला आली, डावीकडे वळली. आतोबांनी चष्मा काढून शर्टाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला एकदम थकल्यासारखं झालं. पाय दुखत होते. मी आत्याच्या स्टुलाकडे वळले.

"तिथे नको," आतोबा हळूच म्हणाले.

"हलतं का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले.

मी उभ्याउभ्याच चहा प्यायले.