बसवनगुडीतलं एक करवंद

करवंदाची जाळी कुणी लावत नाही, ती डोंगरात आपसूक माजते. आमच्या बाबांनी मात्र तिचं रोप कोकणातून बसमधून मांडीवर घेऊन बंगळूरला, बसवनगुडीतल्या आमच्या भाड्याच्या घरी आणलं, फाटकाशी लावलं आणि रोज बादलीभर पाणी घालून त्याचे लाड केले. जाळीनं काटे तेवढे दिले. घरमालकांची धोतरं फाटली, पोस्टमन पत्रं रस्त्यावरूनच आत भिरकावू लागला. बाबांनी एसटीडी बूथवरून गावच्या काकांना सल्ला विचारला, तर मीटर पळत असताना काका नुसते हसत राहिले.

बाबा निवृत्त झाले त्या मे महिन्यात जाळीला करवंद लागलं. एकच. खारीनं खाऊ नये म्हणून बाबांनी त्यावर चहाचं गाळणं बांधलं. आई फडक्यातून चहा गाळायची आणि धुमसायची.

धुमसण्याचं खरं कारण वेगळं होतं. बाबांना आता गावी परतायचं होतं. आईला तिथली विहीर, चूल आणि जावा पुन्हा नको होत्या. इथं नळ होता, मैत्रिणी होत्या. हा विषय निघाला की दोघांचं बोलणंच बंद पडायचं. शेवटी बाबांनी तोडगा काढला. कोकणातली पोरं करवंद चावून बघतात, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. कोंबडा निघाला तर गाव, कोंबडी निघाली तर बंगळूर. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसानं संसाराचा निकाल असा लावावा, याचा मला भयंकर संताप आला. आईनं मात्र निमूट कबूल केलं.

करवंद पिकलं त्या सकाळी घरमालक आणि शेजारच्या अक्का दोघंही येऊन उभी राहिली. अक्का बेळगावकडच्या. "स्वल्प थांबा, देवाला दाखवा की आधी," त्या म्हणाल्या. तेही झालं. बाबांनी करवंद आईला दिलं आणि अर्धं चावून उरलेलं सगळ्यांना दाखवायला सांगितलं. आईनं ते अख्खं तोंडात टाकलं, चावलं आणि बियांसकट गिळलं. लालभडक रस तिच्या ओठांवरून हनुवटीवर उतरला.

"कोंबडी," आई म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सगळ्यांदेखत तिचे ओठ, हनुवटी नीट पुसली.

"कोंबडीच," ते म्हणाले. "इथंच राहू."