साडेसात नंबरचा पाय

कॅनव्हासच्या बुटांचे पाच जोड आणि आठ खेळाडू, असा वर्ध्याच्या आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ होता. त्यातला आठवा मी. ज्या दसऱ्याला आमच्या घरचे सगळे नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले, त्याच्याच पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी इंटरला होतो आणि मला त्या हंगामात एकदा तरी सामन्यात उतरायचं होतं. जिंकण्याबिंकण्याचं मनात नव्हतं, कारण संघ मी पाहिलेला होता.

खेळाचा कारभार तर्कशास्त्राच्या सरांकडे होता. त्यांचे तास सगळ्यांत कमी, म्हणून प्राचार्यांनी त्यांच्या गळ्यात तो घातला. सरांनी तोवर चेंडू हातात धरला नव्हता, पण नियमांचं पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं आणि वर्गात शिकवत तसंच ते मैदानावर शिकवू लागले. "समजा, चेंडू अ-कडे आहे," असं ते म्हणायचे, आणि चेंडू ज्याच्याकडे असे तो आपण अ की ब हे ठरवेपर्यंत कोणीतरी हिसकावून नेई. होस्टेलच्या मागे मुरूम टाकून मैदान केलं होतं. बास्केटच्या कड्या गावातल्या लोहाराने करून दिल्या होत्या. सराव आम्ही अनवाणीच करायचो आणि सरावात मी बरा होतो. डावीकडे कडुनिंबाच्या बाजूने मारलेला माझा चेंडू सहसा चुकत नसे.

पण सामन्यात अनवाणी खेळाडू चालणार नाही असं स्पर्धेच्या कचेरीतून पत्र आलं. म्हणून सर नागपूरला गेले आणि पहिल्या पाच जणांच्या पायांच्या मापाने पाच जोड घेऊन आले. राखीव खेळाडूंनी काय करायचं, तर ज्याच्या जागी उतरायचं त्याचेच बूट घालायचे. टाइम-आउट एका मिनिटाचा. तेवढ्यात एकाने बूट काढायचे, दुसऱ्याने घालायचे आणि नाड्या बांधायच्या. याचा आम्ही रीतसर सराव केला. पास देण्यात आमचा संघ कच्चा होता, पण बूट बदलण्यात विदर्भात आमचा हात धरणारा कोणी नसावा.

राखीव तिघांची मापं घ्यायला सर वर्तमानपत्राचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसले. एकाचा पाय सहाचा निघाला, एकाचा आठचा. त्यांच्या जोड्या लागल्या. मग मी कागदावर उभा राहिलो. सर खादी वापरणारे, रोज सकाळी सूत काढणारे, आमच्या मेसमध्ये माझ्या शेजारी बसून जेवणारे. त्यांनी माझी टाच स्वतःच्या हाताने धरून नीट टेकवली, पेन्सिल फिरवली, पट्टी लावली. पाय सातचा होता. पट्टी मलाही वाचता येत होती. सातचा जोड एकच, आणि तो कप्तानाचा.

कप्तान तळेगावचा, शेतकऱ्याचा मुलगा. घरची संत्री पोत्याने आणायचा आणि फळ सगळ्यांनाच लांबून फेकून द्यायचा, त्यामुळे मलाही फेकून दिलं की त्यात वेगळं काही वाटत नसे. त्या वेळी तो समोरच्या पायरीवर बसून नव्या बुटांच्या नाड्या ओवत होता. सरांनी कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, मग परत कागदाकडे.

"साडेसात," सर म्हणाले. "काय करणार, मध्येच अडकलास."

मी हो म्हटलं. सर वाईट नव्हते. कप्तानाला विचारावं आणि तो नाही म्हणाला तर मला लागेल, म्हणून त्यांनी विचारलंच नाही. खेळाच्या वहीत जातीचा रकाना नव्हता, बुटाच्या नंबराचा होता. त्यात माझ्या नावापुढे साडेसात लिहिलं गेलं. मीही विचारलं नाही. दसऱ्याला मी बावीस प्रतिज्ञा घेऊन आलो होतो, पण त्यांत बुटांबद्दल काही नव्हतं.

त्या हंगामात आम्ही पाच सामने खेळलो. एक जिंकलो, तोही समोरच्या संघाची बस वाटेत बंद पडली म्हणून. बाकीच्या सामन्यांत मी बाकावर बसून सरांचं घड्याळ धरायचो. पाणी द्यायचं काम दुसऱ्या राखीवाकडे होतं. ते मला दिलं तर कोणी प्यायला का-कू करील आणि मला वाईट वाटेल, म्हणून सरांनी तेही मला दिलं नाही. सरांनी मला इतकं जपलं की शेवटच्या सामन्यापर्यंत मला घड्याळाखेरीज कशाला हात लावावा लागला नाही.

दुसरा सामना आमच्याच मैदानावर होता. माझे बाबा हिंगणघाटला कापसाच्या जिनमध्ये कामाला होते. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, धुतलेली टोपी घालून ते पॅसेंजरने आले आणि कडुनिंबाखाली उभे राहिले. मी दोन तास घड्याळ धरून बसलो. संपल्यावर त्यांना स्टेशनवर पोहोचवायला गेलो.

"तू कवा खेळतं?" त्यांनी वाटेत विचारलं.

"माहा नंबर जमत नाई. साडेसातचा पाय आहे."

बाबांनी चालता चालता माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या चपला दर वर्षी तेच हिंगणघाटच्या बाजारातून आणायचे.

"सातचा आहे," ते म्हणाले. मला त्या दिवशी फार लाज वाटली, आणि ती सरांची वाटायला हवी होती की माझी, हे मला ठरवता आलं नाही.

शेवटचा सामना नागपूरला. आठच्या मापाचा राखीव तापाने वर्ध्यालाच राहिला होता. मैदान सिमेंटचं. मुरुमावर वाढलेल्या आमच्या संघाला चेंडू इतका उसळतो हे माहीत नव्हतं, त्यामुळे अर्ध्या वेळेपर्यंत आम्ही बहुतेक चेंडूच्या मागे धावलो. उत्तरार्धात सहाच्या मापाचा राखीव आत गेला. आणि मग कप्तान उडी मारून खाली आला तो पाय मुरगळूनच.

दोघांनी त्याला धरून बाकापर्यंत आणलं. सरांनी बाकाकडे पाहिलं. मी आणि घड्याळ, दोघंच होतो. सहाच्या बुटांतून नुकताच बाहेर पडलेला खेळाडू होता म्हणा, पण त्याचा पाय कप्तानाच्या बुटात डगडगला असता. सरांनी पिशवीतून वही काढली, उघडली, माझ्या नावापुढचा आकडा परत वाचला आणि पंचांकडे जाऊन म्हणाले, "आम्ही चौघंच खेळू." नियमांत ते बसत होतं.

कप्तान माझ्या शेजारी बसून नाड्या सोडत होता. सुजत चाललेल्या पायातला बूट त्याने दात चावून ओढून काढला, मग दुसरा काढला आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवले. फेकले नाहीत.

"घाल लवकर," तो म्हणाला.

माझ्या तोंडून काय निघावं? "माहा साडेसात आहे."

"सातचा आहे तुहा पाय. त्या दिवशी कागद दिसत नव्हता का मले? घाल, मिनिट चाललं."

बूट आतून गरम आणि घामाने ओले होते. मला ते अगदी बरोबर झाले. बूट बदलण्याचा सराव मी कधीच केला नव्हता, तरी नाड्या वेळेत बांधल्या. सरांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं आणि वही पिशवीत ठेवली.

मी नऊ-दहा मिनिटं खेळलो. पहिला पास मी सरळ पंचांना दिला. बूट घालून सिमेंटवर पळायचं म्हणजे दुसऱ्याच्या पायांनी पळण्यासारखं वाटत होतं. शेवटी शेवटी डावीकडे चेंडू आला, जिथे आमच्याकडे कडुनिंब असता तिथे मी उभा होतो, आणि मी मारला. आत गेला. आम्ही नेहमीप्रमाणे हरलो.

परतीच्या गाडीत कप्तान पाय समोरच्या बाकावर टाकून बसला होता, घोट्याला ओला दुपट्टा. पाय भोपळ्याएवढा झाला होता. बूट त्याने नाड्यांची गाठ मारून खिडकीच्या गजाला अडकवले होते. सिंदी स्टेशन गेलं. मग मला रागच आला.

"मालूम होतं तं सालभर काऊन नाई बोलला?"

"मले कोणी इचारलंच नाई," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तूबी नाई इचारलं."

"मी काऊन इचारू? बूट तुहे होते."

"बूट कॉलेजचे होते." तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "आन् खरं सांगू? तू पह्यलेच इचारलं असतं तं मी का म्हटलं असतं, हे मले बी मालूम नाई. आज पाय दुखून राह्यला होता, इचार कराले टाइमच नाई भेटला."

हे ऐकून माझा राग गेला नाही. पण वर्षभरात मला कोणी खरं उत्तर दिलं ते एवढंच होतं, म्हणून मी त्याच्या पायाखाली माझी पिशवी सरकवली. सर वरच्या बर्थवर नियमांचं पुस्तक तोंडावर ठेवून झोपले होते, किंवा झोपल्यासारखे होते.

पुढच्या रविवारी मी घरी गेलो. बाबा खाटेवर बसून चहा पीत होते. मी म्हटलं, "नागपूरले खेळलो मी."

"कोणाचे जोडे?"

"कप्तानाचे."

बाबांनी कप खाली ठेवला. "मंग वापस घातले का त्यानं?"

"त्याचा पाय सुजला होता."

"हं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी कप परत उचलला. किती पॉइंट केले हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. मला वाटलं होतं की खेळलो म्हणजे झालं. त्यांच्या लेखी सामना अजून संपलाच नव्हता, आणि एकदा त्यांनी विचारल्यावर माझ्याही लेखी संपेना.

परीक्षेच्या आधी संघाचा फोटो निघाला. पुढे पाच खुर्च्या, मागे बाकावर राखीव, कडेला सर. फोटोत पुढच्या पाच जणांचे पाय दिसणार म्हणून सरांनी बुटांची पेटी उघडायला लावली. नागपूरच्या सामन्यानंतर ती उघडलीच नव्हती. कप्तानाचा पाय बरा झाला होता. तो आला, सातचा जोड उचलला आणि बूट उलटा करून जमिनीवर दोनदा जोरात आपटला.

मला वाटलं, माझा पाय लागला म्हणून तो बूट झटकतोय. मग आठवलं, तो दर सामन्याआधी आपटायचा. पेटी ज्या खोलीत असे तिथे विंचू निघत. सगळेच आपटायचे.

त्याने दुसराही आपटला. पायात घातले. नाड्या बांधल्या, नेहमीसारख्या, दुहेरी गाठ. खुर्चीवर जाऊन बसला आणि मधल्या कोणाशी तरी बोलू लागला. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून "समोर पाहा" म्हणून ओरडत होता. त्या फोटोत सगळे समोर पाहताहेत आणि मागच्या रांगेत एक जण मान घालून खाली पाहतोय. कोणालाही दाखवला की लोक विचारतात, याला झालं काय?

शनिवारी संध्याकाळी मी हिंगणघाटला पोहोचलो तेव्हा बाबा हातपाय धूत होते. कापसाची लव त्यांच्या भुवयांवर होती.

"घातले," मी म्हटलं.

काय घातले, कोणी घातले, हे त्यांनी विचारलं नाही. तोंड पुसलं, टॉवेल दोरीवर टाकला, खाटेवर बसले आणि मला बसायला जागा केली.

"मंग," ते म्हणाले, "पॉइंट किती झालते तुहे?"

"दोन."

"सांग आता. पह्यल्यापासून."