वापस यायचं कारण

बंडूभाऊ काळा गॉगल लावून काचेमागं बसले, की घाटंजीत अमेरिका सुरू व्हायची. एरवी त्या काचेमागं कंपासपेट्या आणि डिंकाच्या बाटल्या असत. दुकान झेरॉक्सचं, बसस्टँडसमोर. पण ज्यांची मुलं परदेशात, अशा आईबापांचे व्हिसाचे कागद जुळवून देणं हा त्यांचा खरा उद्योग. वकिलातीत साहेब मुलाखत घेतो, तशी ते आधी इथं घेत. काचेला बोलण्यापुरतं भोक पाडलेलं होतं. त्यातून आवाज यायचा, "काहून चालल्या तुमी अमेरिकेले?" स्वतः बंडूभाऊ नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते. आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे आणि बंडूभाऊ घरच्या भिंतीवर, फोटोत. गॉगल काढून.

माझी लेक तिकडे बाळंत होणार होती, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. नुकतीच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले होते, म्हणजे अख्खं जग माझ्यासमोर चौथीच्या वर्गात हाताची घडी घालून बसलेलं होतं. "फॉर्म तेवढा भरा," मी म्हटलं, "मुलाखतीचं मी बघते. मला इंग्रजी येतं."

बंडूभाऊंनी गॉगल चढवला. "बाई, वापस काहून येसान?"

मी इंग्रजीतून सुरू झाले. मातृभूमी, संस्कृती, मातीचं ऋण. झेरॉक्सला आलेल्या एका पोरीने टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला तो माझा विजय वाटला होता, हे आज आठवलं की मी एकटीच हसत बसते आणि सुनेला वाटतं, आईंचं वय झालं.

"बाई, हे सव्वीस जानेवारीचं झालं," बंडूभाऊ म्हणाले. "साहेबाले झेंडा नाई फडकवाचा. जायाचं कारन कोनीबी सांगते. वापस याचं कारन सांगा."

"घर आहे माझं इथं."

"घर कुठी पळून नाई जात."

"पेन्शन आहे."

"ते ब्यांकेत जमा होते, तुमी कुठीबी राहा."

मी चिडले. "अहो, आमच्या ह्यांना स्वतःचा चहासुद्धा करता येत नाही! मी आले नाही तर हा माणूस बिस्किटं पाण्यात बुडवून खाईल!"

"हे घ्या!" त्यांनी काचेवर थाप मारली. "यालेच मनते कारन."

त्यांच्या शिकवणीत पोलीसही होते. म्हणजे त्यांची बायको, सुशीलावहिनी. गिऱ्हाइकानं जाण्याआधी आठवडाभर पासपोर्टचा बटवा गळ्यात घालून गावात हिंडायचं, असा नियम होता. सुशीलावहिनी बाजारात वांगी निवडता निवडता वळायच्या आणि हात पुढे करायच्या, "पासपोर्ट?" जवळ नसला, तर दंड म्हणून दुकानातल्या सगळ्यांना चहा. मी तीनदा सापडले. मुख्याध्यापिकेला कोण विचारणार, असं मला वाटायचं.

त्यांचा मंगेश तिकडेच नोकरीला होता. वहिनी अधूनमधून म्हणत, "आपले कागद कदी भरसान?" बंडूभाऊ म्हणत, "पयले गिऱ्हाईक. घरचं काम कुठी जाते?"

मुंबईला खऱ्या काचेपुढे उभी राहिले आणि माझं सगळं इंग्रजी पळालं. साहेबानं विचारलं, परत का याल? मी एवढंच म्हणू शकले, "माय हजबंड, नो टी." साहेब खदखदून हसला आणि व्हिसा मिळाला. गावात मात्र मी सांगितलं की चर्चा दोन्ही देशांच्या संबंधांवर झाली.

खरी गोष्ट अर्थातच फुटली, आणि गावात चहाचं पीक आलं. जिला तिला वाटू लागलं, हाच मंत्र. आमच्या गल्लीतल्या गंगूबाईंनीही तोच पाठ केला. साहेबाला ठासून सांगितलं, "नवऱ्याला चहा करता येत नाही." साहेबानं फाईल चाळली. फाईलमध्ये नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. व्हिसा नाकारला. बंडूभाऊंनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. पुढे प्रत्येकाला बजावू लागले, "कारन उसनं आनू नोका. ज्याचं त्यानं घरून आना."

तिकडे माझी बहादुरी अशी, की अंघोळीलाही बटवा गळ्यातच. एकदा बागेत एक धिप्पाड पोलीस समोर आला. मी पासपोर्ट, आधार, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि मुख्याध्यापिका असतानाचं ओळखपत्र, सगळं त्याच्या हातात दिलं. तो बिचारा नुसतं गुड मॉर्निंग म्हणाला होता.

पुढे काही वर्षांनी सुशीलावहिनी गेल्या. तापाचं निमित्त झालं. मंगेश येऊन दिवस करून गेला आणि जाताना म्हणाला, "बाबा, आता तुम्ही या." त्याची मुलगी तोवर बोलायला लागली होती, आजोबांना तिनं फोनमध्येच पाहिलेलं. बंडूभाऊंनी अखेर स्वतःचे कागद भरले. गावाला वाटलं, हा माणूस साहेबाचीच मुलाखत घेऊन येईल.

ते परत आले ते व्हिसा न घेता. मी दुकानात गेले.

"साहेबानं इचारलं, वापस कायले येसान?" ते म्हणाले. "मी इचारच करत राह्यलो, बाई. मंग मनलं, सायेब, माही वाट पाहनारं आता तिथं कोनी नाई." गॉगल पुसत ते हसले. "धंद्यातल्या मानसानं असं बोलू नये."

तेवढ्यात बाकड्यावरून गंगूबाई ओरडल्या. दुसऱ्यांदा अर्ज करायला आल्या होत्या. "बंडूभाऊ, होते का नाई माहं? सकाळपासून वाट पाहून राह्यली ना मी! मांगं अजून चौघं हायेत!"

मी त्यांच्या हातातला गॉगल घेतला, काचेमागं जाऊन बसले आणि भोकातून विचारलं, "वापस काहून येसान?"

बंडूभाऊंनी बाकड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "या सगळ्या लोकायची फाईल अर्दी हाय, मनून."

वर्षभरानं तेच त्यांनी साहेबाला सांगितलं. व्हिसा मिळाला. गाव म्हणालं, नातीला सोडून आता कसचे येतात. पण मुदतीच्या बऱ्याच आधी ते यवतमाळच्या एसटीतून घाटंजीला उतरले, अंगावर मंगेशचं जाकीट, हातात बॅग. मी भाजी घेऊन चालले होते. माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केला.

"पासपोर्ट?"

त्यांचा हात गळ्याशी गेला. बटवा नव्हता, बॅगेत होता.

"चहा लागला, बंडूभाऊ."

त्यांनी गॉगल काढून डोळे पुसले.

"तिथं बाजारात कोनी एकदाबी इचारलं नाई, बाई," ते म्हणाले, आणि स्टँडवर जमलेल्या सगळ्यांना घेऊन चहाच्या टपरीकडे वळले.