खिंडीतून उदगीर: बाबांची अट आणि दहा लिटर पाणी

हॉर्नचा कंटाळा आलेल्या आणि गिअरची सायकल परवडत नसलेल्या लोकांसाठी हा रस्ता आहे. नांदेड, लोहा, कंधार, मुखेड तालुक्यातलं आमचं गाव, मग खिंड, पलीकडे जळकोट आणि शेवटी उदगीर. बालाघाटाच्या कडेकडेनं जाणारा, चढ-उताराचा, पळसाचा रस्ता. माझ्या सायकलला पुढे टोपली आणि मागे कॅरिअर आहे. चढ आला की खाली उतरायचं, एवढा एकच गिअर.

जायचं ठरलं ते भांडणातून. माझी धाकटी बहीण प्रज्ञा दहावीला. तिला सायन्स घ्यायचंय आणि आम्हाला जवळचं कॉलेज म्हणजे जळकोटचं, खिंड ओलांडून सतरा-अठरा किलोमीटर. कॉलेजच्या वेळेला गाडी नाही. मी मुखेडला मामाकडे राहून शिकले आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. मामा आता कामासाठी पुण्याला गेला, त्यामुळे प्रज्ञाला ती सोय नाही. मी म्हटलं, सायकलनं जाईल. बाबा गवंडीकाम करतात. भिंत ओळंब्यात आहे का हे पाहतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"रस्ता सुना हाय. वाटंत काय झालं तर कोन हाय तिथं?"

मी म्हटलं, सुना नाही, शांत आहे. लोक असे रस्ते शोधत लांबून येतात. त्यावर बाबांनी अट घातली. मीच एकटीनं खिंडीतून उदगीरला आत्याकडे जाऊन यायचं. कुणाची मदत न घेता गेले आणि आले, तर प्रज्ञाचं नाव जळकोटला घालायचं. नाहीतर दहावी बास. प्रज्ञा आतल्या खोलीत मोठ्यानं भूमिती पाठ करत होती, ती एकदम गप्प झाली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी नांदेडच्या नोकरीतून तीन दिवस रजा घेतली.

पहिला दिवस: नांदेड ते गाव

पहाटे पाचला निघाले. टोपलीत अर्धापूरची अर्धा डझन केळी, दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पंप आणि पंक्चरचं सामान. लोह्यापर्यंतचा रस्ता मोठा आणि ट्रकांचा आहे, तो उजाडायच्या आत जितका होईल तितका उरकावा. लोह्यात चहा आणि भजी मिळून वीस रुपये. हॉटेलवाल्यानं चहा आधी दिला आणि पाण्याचा जग मागितल्यावर आणला. यंदा बऱ्याच ठिकाणी तसंच आहे, राग मानू नका.

लोह्याहून कंधारकडे वळलात की खरी सफर सुरू होते. ट्रक संपतात. दोन्ही बाजूंना उघड्या टेकड्या, वाळलेलं गवत आणि मधेच लालभडक पळस. झाडाला पान नाही पण फुलं अशी, जणू त्याला दुष्काळाचं कुणी सांगितलेलंच नाही. कंधारला किल्ला जरूर बघा, तासभर पुरतो. जगतुंग तलावाच्या तळात क्रिकेट रंगलं होतं. बाउंड्री कुठली, असं विचारलं तर फिल्डिंग करणाऱ्यानं सांगितलं, "जिथवर पानी राहायचं तिथवर."

दुपार कंधारला सावलीत काढली. अकरा ते चार सायकल हाणू नका, हा माझा एकमेव कडक नियम. संध्याकाळी गावी पोचले. आईनं पाय चेपायला तेल काढलं, बाबांनी सायकलची चाकं दाबून पाहिली.

दुसरा दिवस: खिंड

मी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. वाटेतल्या वस्त्यांवर टँकरनं पाणी येतं. तिथल्या कुणाकडूनही घोटभर पाणी घ्यायचं नाही. बाबांची अट तर होतीच, पण मला ते मनापासूनही बरोबर वाटत होतं. ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्यातलं आपण का प्यावं? म्हणून कॅरिअरला दहा लिटरचा कॅन बांधला. प्रज्ञानं दोरीला तीन गाठी मारल्या आणि हळूच म्हणाली, "ताई, पडू नको हं."

गावापासून सहा किलोमीटर रस्ता नाल्याच्या काठानं जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ज्वारीची कापलेली रानं. तासाभरात मला फक्त एक मोटारसायकल आणि एक मुंगूस भेटलं. मग चढ सुरू होतो. चढाच्या मध्यावर चार-पाच घरांची वस्ती आहे. पहिल्याच घरासमोर एक बाई शेळ्या सोडत होत्या. मी सायकल ढकलत, घामानं निथळत येतेय हे पाहून त्या आत गेल्या आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या.

मी हसून म्हटलं, "नको मावशी, माझ्याजवळ आहे," आणि कॅन दाखवला. त्यांनी एकदा कॅनकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तांब्यातलं पाणी परत माठात ओतलं. मला वाटलं, बघा, तांब्याभर पाणी वाचवलं.

खिंडीच्या माथ्यावरून दिसणाऱ्या दरीसाठी हा सगळा चढ चढावा. खाली वळणं घेत गेलेला रस्ता, पलीकडे एकामागे एक डोंगर आणि मधे कसलाही आवाज नाही. दोन केळी खाल्ली आणि उतार सोडला. तिसऱ्या वळणावर पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा. सायकल खडीवर सरकली, मी बाजूला उडी मारली, पण कॅन दगडावर आपटला आणि उभा फुटला. मी झाकण शोधेपर्यंत दहा लिटर पाणी रस्त्यानं पिऊन टाकलं होतं.

पंक्चर मला काढता येतं, नांदेडला दुकानात बसून शिकले होते. पण ट्यूब पाण्यात बुडवल्याशिवाय भोक सापडत नाही, हे माझ्या डोक्यात नव्हतं. कान लावला. गाल लावून वारा लागतोय का पाहिलं. अर्धा तास गेला. एकही गाडी आली नाही. मी ज्याला शांत म्हणत होते त्याला बाबा सुना का म्हणतात, ते तिथं कळलं. जळकोट नऊ किलोमीटर पुढे, वस्ती दोन किलोमीटर मागे. मागे गेले तर अट मोडणार, पुढे गेले तर उन्हात, पाण्याशिवाय. प्रज्ञाच्या तीन गाठी अजून कॅरिअरला तशाच होत्या. मी सायकल मागे वळवली.

मावशी दारातच होत्या. माझ्या खांद्यावरची ट्यूब पाहून त्यांनी विचारलं, "आता चालंल का आमच्या घरचं पानी?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या दारावरचा निळा झेंडा दिसला. सकाळी मान खाली घालून सायकल ढकलताना मी तो पाहिलाच नव्हता. दारात आलेल्या माणसानं आपल्या हातचं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे आमच्या घरात मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि मी तेच करून, पाणी वाचवलं म्हणून खूश होत डोंगर चढले होते.

"जय भीम, मावशी," मी म्हटलं. "तसं नव्हतं."

"जय भीम," त्या म्हणाल्या आणि थोडं थांबून हसल्या. "आपलीच हायस व्हय? मग तर जास्तच शानी निघालीस."

त्यांचं नाव सुमनबाई. मी तांब्या रिकामा केला. मग माझी सगळी हकीकत ऐकून त्यांनी शेळ्यांसाठी ठेवलेलं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घमेल्यात ओतलं. टँकर आला नाही की पिण्याचं पाणी नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं भरावं लागतं, एका घागरीला तास जातो, ते असं वापरायचं नाही. आधी ट्यूब, मग शेळ्या. बुडबुडे लगेच दिसले. मी ठिगळ लावलं आणि मागे उभ्या शेळीनं घमेलं चाटून पुसून ठेवलं.

निघताना मी विचारलं, इथं एकटं वाटत नाही का? त्या म्हणाल्या, एकटं कशाचं? दिवसभर शेळ्यांमागे डोंगरावर असतात, तिथून सगळा रस्ता दिसतो. "कोन गेलं, कोन परतलं न्हाई, समदं दिसतं मला. तू मघा पडलीस तेबी दिसलं. म्हनलं, आता येती ही, अन् शेळ्या घेऊन खाली आले."

जळकोटला ऊन उतरेपर्यंत एका हॉटेलात बसले. पिठलं-भाकरी पन्नास रुपये, ठेचा मागाल तेवढा. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांत उदगीर जिल्हा होणार की नाही यावर जोरात चाललं होतं. एकाचं म्हणणं, जिल्हा झाला की लातूरच्या चकरा बंद. दुसरा म्हणाला, "लातूरला पानी रेल्वेनं आनावं लागलं, अन् तू कलेक्टर कशानं आननार?" मी त्यांना सुमनबाईंच्या वस्तीचं विचारलं, ती कुठल्या जिल्ह्यात? घरं नांदेडात आणि शेळ्या चरतात लातुरात, असं उत्तर मिळालं.

दिवे लागायच्या आत उदगीरला पोचले. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ताटात पोळी वाढत म्हणाली, "सुमनबाईचं सांगू नको घरी. पोचलीस ना? झालं मग. पोरीचं वाटोळं करू नको खऱ्यापायी."

तिसरा दिवस: परत

येताना जळकोटकडून चढ लांब पण सोपा आहे. नवख्यांनी याच बाजूनं यावं. मला मात्र दरी, पळस काहीच नीट दिसत नव्हतं. एका पायडलला सांगायचं, दुसऱ्याला नाही सांगायचं, असं चाललं होतं. वस्तीवर थांबून पाणी प्यायले. मावशींनी प्रज्ञाचं वय विचारलं.

घरी बाबा अंगणात ओळंबा गुंडाळत बसले होते. सायकल नीट आहे आणि कॅन नाही, हे त्यांनी आधी पाहिलं. खोटं बोलायला एवढंच वाक्य लागलं असतं की कॅन आत्याकडे राहिला. प्रज्ञा दारात उभी होती. मी सगळं सांगितलं. काटा, फुटलेला कॅन, नाकारलेलं पाणी, घमेलं, शेळी. आणि शेवटी हेही, की मदत घ्यावी लागली, अट मोडली.

बाबांनी दोरीचा शेवटचा वेढा घातला. मग विचारलं, "घर खिंडीच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडे. चढाच्या मध्यावर."

"अन् डोंगरावरून तिला रस्ता दिसतो?"

"हाव. मी पडले ते पण दिसलं."

"मग सुना कसा म्हनायचा त्याला," बाबा म्हणाले, आणि प्रज्ञाकडे न बघता सांगितलं, "भूमिती कर. पेपर तोंडावर आलाय."

हे लिहायला मला पाच महिने लागले. मधे निकाल लागला, नाव घातलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाबा वस्तीपर्यंत तिच्यासोबत गेले आणि तिथून कामावर वळले. माझी सायकल आता तिच्याकडे आहे, त्यामुळे पुढचा रस्ता शोधायला मला दुसरी बघावी लागेल. तुम्ही निघालात तर पंक्चरचं सामान, टोपी आणि दोन लिटर पाणी पुरे. दहा लिटर नेऊ नका.

प्रज्ञा रोज सकाळी घरून बाटली भरून नेते. वस्तीवर थांबते, बाटली मावशींच्या माठात ओतते, आणि तहान असो-नसो, त्यांच्या हातचं तांब्याभर पाणी पिऊन मग खिंड चढते.