दुभाष्या कारभारी

तो मेंढपाळांचा कारभारी. खतासाठी कुणाच्या वावरात किती दिवस मेंढरं बसवायची, हे शेतकऱ्यांशी बोलून तोच ठरवायचा. कचेरीत उर्दू बोलायचा, आमच्याशी आमच्यासारखं. आपल्या माणसांपुढं नुसता खाकरायचा, त्यांना समजायचं.

एका साली त्याच्या सख्ख्या भावाच्या मेंढरांनी आमची ज्वारी खाल्ली. प्रकरण भोकरदनच्या कचेरीत गेलं. निजामी गेली होती, पण साहेबाला अजून उर्दूच यायची, म्हणून दुभाष्या हाच.

भाऊ म्हणाला, "मेंढरं माझी न्हाईत."

यानं ते साहेबाला उर्दूत बराबर सांगितलं. मग स्वतःचं बोलला, "हुजूर, झूठ है. इसीच के हैं."

आमचे मालक चाट पडले. मी नाही. भाऊ सुटला असता, तर पुढच्या साली गावानं या मेंढपाळांचं एकही मेंढरू वावरात बसू दिलं नसतं.

बाहेर येताच भाऊ ओरडला, "तू माझा भाऊ न्हाईस!"

"आत न्हवतो. आता हाये. चल, भाकर खाऊन घे."

त्यानं लिंबाखाली बसून फडकं सोडलं. भाऊ थांबला नाही. यानं अर्धी भाकर खाल्ली आणि अर्धी परत बांधली.